पावित्र्याचा सातबारा

इ.स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनचे फर्मान निघाले : ख्रिस्ती लोकांची प्रार्थनामंदिरे पाडावीत आणि त्यांचे धर्मग्रंथ जप्त करून जाळावेत. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आज जिथे ट्युनिशिया आणि अल्जिरिया आहेत तिथे, काहींनी ग्रंथ द्यायला नकार देऊन मरण पत्करले, तर काहींनी जीव वाचवण्यासाठी ते शिपायांच्या हवाली केले. छळ ओसरला. काही वर्षांनी कार्थेजच्या बिशपपदी सेसिलियनची निवड झाली, तेव्हा जुनी उणीदुणी वर आली. सेसिलियनला अभिषेक करणारा आप्टुंगाचा बिशप फेलिक्स हा ग्रंथ शत्रूच्या हाती देणारा फितूर आहे, असा आरोप झाला. मग आरोपाला आरोप जोडले जाऊ लागले. फितुराच्या हातून झालेला अभिषेक अभिषेकच नव्हे, अशा बिशपाने दिलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसते पाणी, आणि अशा बिशपाला मानणारी मंडळी ही ख्रिस्ताची मंडळीच नव्हे. विरोधकांनी आपला वेगळा बिशप नेमला. त्याच्या जागी पुढे डोनॅटस आला आणि त्याच्या नावाने पंथ ओळखला जाऊ लागला. नंतरची शंभर वर्षे उत्तर आफ्रिकेत गावोगावी दोन बिशप, दोन प्रार्थनामंदिरे आणि भांडण मात्र एकच : आम्ही हुतात्म्यांचे वारस, तुम्ही फितुरांचे.

एक ख्रिस्ती पंथ दुसऱ्यापेक्षा अधिक पवित्र असल्याचा दावा करू शकतो का, हा प्रश्न खरा ऐरणीवर आला तो या भांडणात. तो आजही संपलेला नाही. फरक इतकाच की आज तो उघड विचारला जात नाही, गृहीत धरला जातो. कोणी संतांची यादी पुढे करतो, कोणी बायबलशी असलेली निष्ठा, कोणी अखंड परंपरा, कोणी पवित्र आत्म्याच्या दानांचा अनुभव. या बोलण्यात बहुधा तीन वेगळी विधाने एकमेकांत गुंतलेली असतात. पहिले : आमची शिकवण अधिक खरी आहे. दुसरे : देवाच्या कृपेची साधने आमच्याकडे अधिक पूर्ण स्वरूपात आहेत. तिसरे : म्हणून आम्ही अधिक पवित्र आहोत. पहिल्या दोन विधानांवर वाद घालता येतो आणि तो घातलाही पाहिजे, कारण खऱ्या-खोट्याचा निवाडा टाळणे हे काही औदार्य नव्हे. तिसरे विधान मात्र पहिल्या दोहोंतून निघत नाही. ते स्वीकारायला अडचण येते ती आजच्या सर्वधर्मसमभावाची नव्हे. जवळजवळ सर्व मोठ्या चर्चांनी मान्य केलेली ख्रिस्ती शिकवणच त्याच्या आड येते, आणि इतिहासाने त्या शिकवणीला वेळोवेळी दुजोरा दिला आहे. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

डोनॅटिस्टांचा धडा

आधी त्या भांडणाचा निकाल पाहू. सम्राट कॉन्स्टंटाइनपर्यंत तक्रार गेली. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने सेसिलियनच्या बाजूने कौल दिला. फेलिक्सची सरकारी चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. उलट ३२० च्या एका चौकशीत डोनॅटिस्ट बाजूचा सिर्टाचा बिशप सिल्व्हानस यानेच छळाच्या काळात ग्रंथ आणि मंडळीची चीजवस्तू सोपवल्याचे उघड झाले. पुढे ३९३ मध्ये डोनॅटिस्टांतच फूट पडली. मॅक्झिमियनचा गट वेगळा झाला, मुख्य गटाने त्याला बहिष्कृत केले आणि थोड्याच काळात त्यातल्या काही बिशपांना परत घेतले. घेताना त्यांनी फुटीच्या काळात दिलेले बाप्तिस्मे मात्र ग्राह्य मानले. फितुरांचा बाप्तिस्मा नुसते पाणी म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या घरातल्या फुटिरांसाठी तो नियम शिथिल केला. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने हा मुद्दा त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवला.

ऑगस्टीनचा खरा युक्तिवाद मात्र प्रतिपक्षाच्या उणिवांवर उभा नव्हता. त्याचे म्हणणे असे, की बाप्तिस्मा देणारा हात माणसाचा असला तरी बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो. संस्काराचे पावित्र्य पुरोहिताच्या चारित्र्यावर अवलंबून ठेवले, तर कोणालाच आपल्या बाप्तिस्म्याची खात्री देता येणार नाही, कारण दुसऱ्याचे मन कोणाला दिसते? मत्तयच्या शुभवर्तमानातला गहू आणि निदण यांचा दृष्टान्त त्याने यासाठी वापरला. शेतात दोन्ही एकत्र वाढतात, आणि कापणीआधी निदण उपटायला निघालेल्या चाकरांना मालक थांबवतो. म्हणजे पृथ्वीवरची मंडळी सरमिसळच राहणार. तिला पवित्र म्हणायचे ते तिच्या मालकामुळे, तिच्यातल्या माणसांची बेरीज करून नव्हे. गंमत अशी, की मंडळी सरमिसळ असते हा विचार ऑगस्टीनच्या आधी मांडला होता तो टायकोनियस या डोनॅटिस्ट पंडितानेच. त्याच्या पंथाने त्याला दोषी ठरवले आणि ऑगस्टीनने त्याचे ऋण उघडपणे मान्य केले. पवित्र म्हणवणाऱ्या पंथात सर्वांत खोल विचार करणाऱ्याला जागा उरली नाही, आणि त्याचा विचार सीमेपलीकडच्यांनी जपला.

इथेच थांबलो तर कॅथलिक बाजूचा विजय अगदी निखळ वाटेल. तसा तो नव्हता. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे प्रत्येकी पावणेतीनशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले. सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस याने कॅथलिकांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यामागून दंड, मालमत्तेची जप्ती, सक्ती हे सारे आले. आधी सक्तीला नाखूष असलेला ऑगस्टीन पुढे तिचे समर्थन करू लागला. मेजवानीला लोकांना आग्रहाने आत आणण्याचा जो उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे, त्याचा आधार त्याने घेतला. पुढच्या हजार-बाराशे वर्षांत त्या युक्तिवादाने कोणकोणती कामे केली हे युरोपच्या इतिहासात नोंदलेले आहे. ज्या बाजूची शिकवण अधिक खरी ठरली, तिचे वागणे त्यामुळे अधिक पवित्र ठरले नाही.

स्वतःच्याच कागदपत्रांत बांधलेले हात

डोनॅटिस्ट पंथ काळाच्या ओघात नाहीसा झाला, पण त्याच्याविरुद्ध लागलेला निकाल सर्वांनी वारशात घेतला. रोमन कॅथलिक चर्चने तर घेतलाच. रोमशी फारकत घेणाऱ्या लुथरच्या अनुयायांनीही १५३० च्या आऊग्सबुर्ग मतपत्रात डोनॅटिस्टांचा नावानिशी निषेध केला आणि दुष्ट माणसाच्या हातून दिलेले संस्कारही फलदायी असतात असे नोंदवले. इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकी २६ वे कलम हेच सांगते. कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रेस्बिटेरियनांचे १६४६ चे वेस्टमिन्स्टर मतपत्र त्याहून पुढे जाते. जगातली शुद्धातली शुद्ध मंडळीही भेसळीपासून आणि चुकीपासून मुक्त नाही, असे ते बजावते. एकमेकांना पाखंडी ठरवणारे हे पंथ या एका बाबतीत मात्र एकाच पंगतीला बसतात. त्यांच्यापैकी कोणीही उठून आम्ही अधिक पवित्र असे म्हणू लागला, तर त्याला अडवायला दुसऱ्या पंथाची गरज नाही. त्याचेच मतपत्र पुरेसे आहे.

नव्या कराराचा पुरावाही याच दिशेचा आहे. पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र पाहावे. तिथे लोक पौलाचे, अपुल्लोसाचे, केफाचे असे गट पाडून बसले होते, एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनात श्रीमंत पोटभर खात होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौल या सगळ्याबद्दल त्यांना खडसावतो. पण पत्राच्या सुरुवातीला तो त्यांनाच पवित्र केलेले लोक म्हणतो. इथे पावित्र्य ही कमावलेली प्रतिष्ठा नाही. ते आधी मिळालेले दान आहे आणि मग त्याला शोभेल असे वागण्याची जबाबदारी आहे. दान मिळालेल्याने शेजाऱ्यापुढे तोरा मिरवायचा तो कशाच्या जोरावर? मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या परूश्याचा आणि जकातदाराचा दृष्टान्त तर थेट याच मुद्द्याचा आहे. परूशी खोटे बोलत नाही. तो खरोखर उपास करतो, खरोखर दशांश देतो. त्याचे बिनसते ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी स्वतःची तुलना करण्यात. माणसाला लागू होणारी ही गोष्ट पंथाला लागू होत नाही असे मानायला शुभवर्तमानात कुठेच आधार नाही.

शुद्धतेसाठी निघालेले

यावर कोणी म्हणेल, की ही सरमिसळीची शिकवण मोठ्या, सुस्तावलेल्या, राजाश्रयी चर्चांच्या सोयीची आहे. हा आक्षेप वजनदार आहे. १५२५ मध्ये झुरिक इथे प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देऊ लागलेल्या अॅनाबॅप्टिस्टांनी तोच घेतला होता. जन्माने आपोआप ख्रिस्ती होणाऱ्या समाजात शिष्यत्व उरते कुठे, हा त्यांचा सवाल होता. १५२७ च्या श्लाइटहाइम मतपत्रात त्यांनी तलवार आणि शपथ दोन्ही नाकारली. त्याच वर्षी त्यांचा पुढारी फेलिक्स मान्स याला झुरिकच्या नदीत बुडवून मारण्यात आले, आणि मारणारे रोमचे कॅथलिक नव्हते, सुधारणावादी प्रोटेस्टंट होते. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी ख्रिस्ती माणूस प्रेमात परिपूर्ण होऊ शकतो असे शिकवले. त्यांच्या मेथडिस्ट चळवळीतून पुढे पावित्र्याचा आग्रह धरणारे नवे पंथ निघाले आणि त्या वातावरणातूनच विसाव्या शतकातली पेंटेकोस्टल चळवळ जन्मली. पावित्र्य आयुष्यात दिसले पाहिजे, नुसते मतपत्रात असून चालत नाही, हे या लोकांनी सगळ्या चर्चांना ऐकवले. ते ऐकवणे गरजेचे होते.

परंतु पावित्र्याचे आवाहन करणे वेगळे आणि पावित्र्याची मालकी सांगणे वेगळे. आवाहनाचे रूपांतर मालकीत झाले की रेषा आणखी आत सरकत जाते. मान्सच्या परंपरेतल्याच मेनोनाइटांमध्ये १६९३ च्या सुमारास याकोब आमान याने बहिष्काराचे नियम कडक करण्याचा आग्रह धरला आणि आमिश वेगळे झाले. पुढे आमिशांमध्येही कपडे, वाहने, यंत्रे यांवरून फुटी पडत राहिल्या. परिपूर्ण पावित्र्य एका क्षणी मिळते की हळूहळू, यावर पेंटेकोस्टल चळवळ तिच्या पहिल्या काही वर्षांतच दुभंगली. डोनॅटिस्टांपासून दिसणारी ही गोष्ट योगायोगाची नाही. बाहेरच्यांच्या तुलनेत आपण शुद्ध ही ओळख एकदा पक्की झाली, की तीच फूटपट्टी आतल्यांना लावणे ओघाने येते. आणि त्या फूटपट्टीला कोणीच पुरे पडत नाही.

साधने आणि श्रेय

दुसरा दावा कृपेच्या साधनांचा. रोमन कॅथलिक चर्चने तो नेमकेपणाने मांडला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजानुसार ख्रिस्ताने स्थापलेले चर्च कॅथलिक चर्चमध्ये वास करते, मात्र त्याच्या दृश्य चौकटीबाहेरही पावित्र्याचे आणि सत्याचे पुष्कळ घटक आढळतात. २००० साली व्हॅटिकनच्या ‘डॉमिनुस येसुस’ या निवेदनात प्रोटेस्टंट समुदायांना काटेकोर अर्थाने चर्च म्हणता येत नाही असे म्हटले गेले, तेव्हा जगभर नाराजी उमटली. ऑर्थोडॉक्स चर्चही स्वतःला एकमेव खरे चर्च मानते, फक्त ते इतक्या वेळा बोलून दाखवत नाही. हे दावे इतरांना बोचतात, पण ते तिसऱ्या प्रकारचे नाहीत हे लक्षात घ्यायला हवे. १९६४ चा तोच दस्तऐवज चर्चला एकाच वेळी पवित्र आणि सतत शुद्धीची गरज असलेले म्हणतो. शिवाय चर्चमध्ये असून प्रेमात न टिकणाऱ्या कॅथलिकाला तारण नाही, उलट त्याचा न्याय अधिक कठोर होईल, असा इशाराही देतो. म्हणजे साधने अधिक पूर्ण असल्याचा दावा खरा मानला, तरी त्यातून निघते ते अधिक उत्तरदायित्व, अधिक श्रेय नव्हे. आपला पंथ श्रेष्ठ म्हणून मिरवणारा कॅथलिक या दस्तऐवजाचा अर्धाच भाग वाचत असतो.

संतांची मोजदाद

आता सर्वांत भक्कम आक्षेप. शिकवण आणि साधने बाजूला ठेवू, फळांवरून झाड ओळखावे हे तर ख्रिस्तानेच सांगितले. मग ज्या पंथाने अधिक संत दिले तो अधिक पवित्र का नाही? १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने चर्चच्या असामान्य पावित्र्याला त्याच्या सत्यतेचा एक पुरावाच मानले होते. पण मोजायला बसले की मोजमाप ढासळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्या कारकिर्दीत ४८२ जणांना संतपद दिले. त्यांच्या आधीच्या चार शतकांतील सर्व पोपांनी मिळूनही इतके दिले नव्हते. याचा अर्थ १९७८ नंतर अचानक पावित्र्याला बहर आला असा कोणी काढत नाही. १९८३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली, जगभरच्या स्थानिक चर्चांची प्रकरणे हाती घेतली गेली, म्हणून आकडा वाढला. दुसरीकडे, सुधारणेनंतरच्या प्रोटेस्टंट पंथांनी संतपद देण्याची यंत्रणाच मोडीत काढली. तेव्हा यादीची लांबी सांगते ती नोंदवही कोण ठेवतो एवढेच.

नोंदवही बाजूला ठेवून माणसे पाहिली तर चित्र वेगळेच दिसते. १९४२ च्या वसंतात जर्मनीतल्या लुबेक शहरावर बॉम्बवर्षाव झाला. त्यानंतर काही दिवस-आठवड्यांत योहानेस प्रासेक, हेर्मान लांगे आणि एडुआर्ट म्युलर हे तीन कॅथलिक धर्मगुरू आणि कार्ल फ्रीडरिश स्टेलब्रिंक हा लुथरन पाळक यांना अटक झाली. नाझींच्या हत्याकांडांविरुद्धची बिशप फॉन गालेन यांची प्रवचने त्यांनी गुपचूप वाटली होती. स्टेलब्रिंक पूर्वी कट्टर राष्ट्रवादी आणि नाझी पक्षाचा सभासद होता. मत बदलायची किंमत त्याने मोजली आणि त्याच्या चर्चने त्याला वाऱ्यावर सोडले. १० नोव्हेंबर १९४३ रोजी हॅम्बुर्गच्या तुरुंगात चौघांचा एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने शिरच्छेद झाला. २०११ मध्ये कॅथलिक चर्चने तिघांना धन्य घोषित केले आणि त्याच समारंभात स्टेलब्रिंकचे आदराने स्मरण केले. कार्यपद्धतीमुळे चौथा त्या यादीत बसत नाही. पण चौघांपैकी तिघेच पवित्र होते असे म्हणायची हिंमत कोण करील?

असे दाखले जगभर आहेत. १८८६ मध्ये युगांडात नामुगोंगो इथे कॅथलिक आणि अँग्लिकन तरुणांना एकत्र जाळण्यात आले. १९६४ मध्ये २२ कॅथलिक हुतात्म्यांना संतपद देताना पोप सहावे पॉल यांनी अँग्लिकन हुतात्म्यांचाही उल्लेख केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर इस्लामिक स्टेटने २१ मजुरांचे गळे चिरले. त्यांतले २० इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आणि एक घानाचा होता. कॉप्टिक चर्च ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेपासून रोम आणि कॉन्स्टँटिनोपल या दोघांपासूनही वेगळे आहे. तरीही २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या २१ जणांना रोमच्या हुतात्मा-नामावलीत घेतले. २०२४ मध्ये सातव्या शतकातला निनवेचा इसहाक त्या नामावलीत आला. ज्या पूर्वेकडील चर्चला दीड हजार वर्षे नेस्टोरियन पाखंडी म्हटले गेले, तिथला तो बिशप. ऑर्थोडॉक्स मठांत त्याचे लेखन शतकानुशतके भक्तीने वाचले जात होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीच्या पश्चिम दारावर १९९८ मध्ये विसाव्या शतकातल्या दहा हुतात्म्यांचे पुतळे बसवले गेले. तिथे अँग्लिकन भिंतीवर कॅथलिक मॅक्सिमिलियन कोल्बे आणि ऑस्कर रोमेरो, लुथरन डीट्रिश बोनहोफर, बॅप्टिस्ट मार्टिन ल्यूथर किंग आणि रशियन ऑर्थोडॉक्स एलिझाबेथ शेजारी शेजारी उभे आहेत.

अपराधांची मोजदाद

फळे पाहायची तर किडकीही पाहावी लागतात, आणि तीही एका पंथाची नाहीत. १९९४ च्या रवांडातील नरसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने कॅथलिक धर्मगुरू अथानास सेरोंबा आणि अॅडव्हेंटिस्ट पाळक एलिझाफान एन्ताकिरुतिमाना या दोघांनाही दोषी ठरवले. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या बाबतीत बराच काळ समजूत अशी होती, की हा ब्रह्मचर्याचा आणि उतरंडीचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा रोग आहे. २०१८ च्या जर्मन अहवालात १९४६ ते २०१४ या काळातले ३,६७७ कॅथलिक बळी नोंदले गेले, तेव्हा ती समजूत पक्की झाली. जानेवारी २०२४ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट चर्चचा अहवाल आला आणि त्यात किमान २,२२५ बळी निघाले. इथले पाळक विवाहित आणि कारभार लोकनियुक्त. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांमध्ये तर बिशपच नाहीत, प्रत्येक मंडळी स्वायत्त. २०२२ च्या अहवालाने तिथेही पुढाऱ्यांनी आरोपींची यादी गुप्त ठेवल्याचे दाखवून दिले. इंग्लंडच्या चर्चमधल्या अशाच प्रकरणामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा द्यावा लागला. कोणी म्हणेल, निदान प्रोटेस्टंटांचा आकडा लहान आहे. पण जर्मन संशोधकांना कॅथलिक बाजूला वैयक्तिक फाइली मिळाल्या, प्रोटेस्टंट बाजूला बहुतेक ठिकाणी फक्त शिस्तभंगाच्या. आकड्यांची तुलना करून कोणालाही मोकळे होता येत नाही.

तरी काही पंथ बरे नाहीत का?

इथे क्वेकरांचे नाव निघणे अटळ आहे. गुलामगिरीविरुद्ध त्यांनी १६८८ मध्ये जर्मनटाउनला पहिला लेखी निषेध नोंदवला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना बाहेरचा रस्ता दाखवला. त्यानंतर ६२ वर्षांनी, १८३८ मध्ये, जॉर्जटाउन महाविद्यालयाच्या जेझुइटांनी २७२ गुलाम विकले आणि १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट गुलामगिरीच्याच प्रश्नावर वेगळे झाले. मग या बाबतीत क्वेकर अधिक पवित्र नव्हते का? या बाबतीत ते निःसंशय अधिक बरोबर होते. तेवढे म्हणणे न्यायाचेच आहे. पण १६८८ ते १७७६ ही ८८ वर्षेही मोजावी लागतात. त्या काळात अनेक सधन क्वेकरांकडे गुलाम होते आणि जॉन वुलमनसारख्यांना आपल्याच लोकांच्या घरोघरी जाऊन त्यांची मने वळवावी लागली. क्वेकरांचे मोठेपण त्यांच्या पंथाच्या जातिवंतपणात नव्हते. ते त्यांनी स्वतःला दोषी धरण्यात होते. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण हेच दाखवते. वर्णभेदाला धर्माचा टेकू देणारे डच रिफॉर्म्ड चर्च कॅल्विनच्या परंपरेतले, त्याविरुद्ध उभे राहिलेले त्याचेच पाळक बेयर्स नॉडे, आणि वर्णभेदाला नाकारणारे १९८२ चे बेल्हार मतपत्रही त्याच परंपरेतले. एखाद्या चर्चच्या विशिष्ट कृतीचा कठोर निवाडा करता येतो, करायलाच हवा. निवाड्याचे रूपांतर कायमच्या पदवीत करता येत नाही. त्यामुळे पावित्र्याची तुलना नाकारणे म्हणजे सगळे सारखेच असे म्हणून हात झटकणे, हा आरोप टिकत नाही. उलट पदवी गेली की कृतीवर नजर अधिक नीट ठरते.

आपल्याकडचा नकाशा

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहतो. इथल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचा पंथ त्यांच्या पूर्वजांनी मतपत्रे पारखून निवडलेला नाही. वसई, साष्टी आणि गोवा कॅथलिक झाले, कारण तिथे पोर्तुगीज होते. अहमदनगर परिसरात बॉस्टनच्या मंडळाचे अमेरिकन मराठी मिशन आले, नागपुरात १८४५ मध्ये स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप आले, बुलढाण्याकडे नाझरीन मिशन आले. पावित्र्य पंथाच्या मालकीचे मानायचे, तर कोणत्या जिल्ह्यातली माणसे किती पवित्र होणार हे बॉस्टन, एडिंबरो आणि लिस्बनच्या बैठकांत ठरले असे मानावे लागेल. शिवाय एकाच जिवंत परंपरेवर दुसरीने पावित्र्याच्या नावाने घातलेला घालाही आपल्या इतिहासात आहे. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझेस यांनी केरळात उदयंपेरूर इथे सभा घेऊन सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांचे सुरियानी ग्रंथ चुकांनी दूषित म्हणून नष्ट करवले. त्याची परिणती १६५३ मध्ये मट्टनचेरीच्या क्रुसापाशी घेतलेल्या शपथेत झाली आणि शुद्ध करायला घेतलेली मंडळीच दुभंगली.

यातून बाहेर पडण्याचे प्रयत्नही इथेच झाले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. मात्र ज्या सिस्टरांच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशी श्रद्धेबाबत आणि अधिकाराबाबत त्यांनी पत्रांतून रोखठोक वाद घातला. प्रत्येक पंथ बायबलचाच दाखला देऊन आपले तेच खरे म्हणतो, हे पाहून आलेला गोंधळ त्यांनी पुढे लिहून ठेवला. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी एका पंथाचे होऊ दिले नाही. आज त्याच इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट अशा अनेक परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अडचण होती ती कोणाची दीक्षा खरी, ही, म्हणजे थेट डोनॅटिस्टांचीच. ती सोडवताना कोणालाही आपली जुनी दीक्षा खोटी होती असे कबूल करावे लागले नाही. सगळ्यांनी परस्परांच्या डोक्यावर हात ठेवले आणि कोणाला काय कमी होते ते भरून देण्याचे काम देवावर सोपवले.

हा तोडगा सर्वांना पटला नाही. काही चर्च त्यात आली नाहीत, जी आली त्यांच्यातही पुढे मालमत्तेचे आणि पदांचे झगडे झाले. एकत्र आलेले चर्च अधिक पवित्र झाले असा दावाही करता येणार नाही, आणि तो करणे पुन्हा त्याच खड्ड्यात पडणे ठरेल. पण नागपूरच्या त्या विधीत एक गोष्ट अचूक होती. आपली शिकवण खरी मानत असतानाही समोरच्याच्या पावित्र्याचा हिशेब आपण लावायचा नाही, हे तिथे कृतीत उतरले. एखाद्या पंथाला आपली शिकवण खरी वाटते, त्याने ती ठामपणे सांगावी. आपल्याकडे कृपेची साधने अधिक पूर्ण आहेत असे वाटते, त्याने त्यांचा हिशेब अधिक कडकपणे द्यावा. पावित्र्याची परीक्षा मात्र दोनच ठिकाणी होते : आपल्या कुंपणाबाहेरचा संत त्याला ओळखता येतो का, आणि कुंपणाच्या आतला अपराध तो बोलून दाखवतो का. जो पंथ या परीक्षेला उतरतो, त्याला आपण इतरांपेक्षा अधिक पवित्र आहोत हे सांगण्याची गरज पडत नाही. आणि ज्याला ते सांगावेसे वाटते, तो त्या सांगण्यातच नापास होतो.